एक्स्टेन्शनचा अर्ज कौन्सिलने फेटाळला किंवा लटकवला, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

गेल्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या ओळखीच्या लोकांच्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे घराच्या वाढीव बांधकामाच्या परवानगीचे, बरेच कागद माझ्या टेबलावर येऊन पडले. कुणाला मागचं किचन वाढवायचं होतं, कुणाला गॅरेजवर खोली चढवायची होती, कुणाला आईवडिलांसाठी खालीच बेडरूम आणि बाथरूम काढायचं होतं. कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचा, नकार आला की जवळजवळ सगळे एकच चूक करतात. ते कौन्सिलला लांबलचक तक्रार लिहितात. उत्तर यायला काही आठवडे जातात, मग दुसऱ्या पायरीची तक्रार, तिलाही तेवढेच. शेवटी शांतपणे कळवलं जातं की निर्णय मान्य नसेल तर अपील करायला हवं होतं. तोवर अपिलाची मुदत उलटून गेलेली असते. पहिल्यांदा मीही हेच केलं होतं.

या घोळाचं कारण म्हणजे आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतो. एक, निर्णय चुकीचा आहे. दोन, अर्ज हाताळताना कौन्सिलने गलथानपणा केला. पहिलीसाठी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे कौन्सिलबाहेरच्या सरकारी अपील-यंत्रणेकडे, अपील असतं. दुसरीसाठी कौन्सिलची तक्रार-पद्धत आणि त्यानंतर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा. अपिलात गलथानपणाला कुणी विचारत नाही, आणि तक्रारीतून परवानगी मिळत नाही. रागात असताना हे पटत नाही, पण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे.

खालची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे. शिवाय ही स्वतंत्र घराच्या, म्हणजे 'हाउसहोल्डर' अर्जाची गोष्ट आहे. फ्लॅट असेल तर अर्ज या प्रकारात मोडत नाही आणि मुदतीही बदलतात.

## १. सगळ्यात आधी तारखा

पेन घ्या आणि या तारखा कॅलेंडरवर मांडा. बाकी सगळं नंतर.

अर्ज फेटाळला असेल तर: डिसिजन नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून १२ आठवडे. तुम्ही ईमेल कधी उघडला याला काही अर्थ नाही. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, तीन महिने नव्हेत. हा फरक आठवड्याभराचा आहे आणि त्यात लोक अडकतात.

निर्णयच आला नसेल तर: अर्ज 'व्हॅलिड' (कागद पूर्ण आहेत असा) ठरल्यापासून ८ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. ती मुदत संपली की निर्णय न दिल्याबद्दल अपील करता येतं, आणि त्यासाठी तिथून पुढे ६ महिने मिळतात. मुदतवाढ लेखी मान्य केली असेल तर ही मोजणी वाढवलेल्या तारखेपासून सुरू होते.

बांधकाम आधीच झालं असेल तर: त्याच कामावर एन्फोर्समेंट नोटीस (विनापरवाना बांधकामावरच्या कारवाईची नोटीस) निघाली असल्यास अपिलाची मुदत २८ दिवसांवर येऊ शकते. अशी नोटीस हातात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच प्लॅनिंग सल्लागाराला गाठा.

ओम्बड्समनकडे जायचं असेल तर: गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिने.

शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर: ६ आठवडे.

> सावधान: अर्ज आर्किटेक्टने किंवा एजंटने भरला असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते. एका घरी ती एजंटच्या इनबॉक्समध्ये पाच आठवडे पडून होती. तोवर 'अजून काही आलं नाही' म्हणून हे लोक कौन्सिलला दोष देत बसले होते. रोज कौन्सिलच्या वेबसाइटवर आपला अर्ज क्रमांक टाकून बघा.

> तपासा: अर्जावर अर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे? अपिलाचा हक्क फक्त त्या व्यक्तीला असतो. अर्ज बायकोच्या नावावर आणि अपील नवऱ्याच्या नावावर, ही चूक सर्रास होते आणि दुरुस्त होईपर्यंत दिवस वाया जातात.

## २. फाइल तयार करा

नोटिशीत एक-दोन परिच्छेदांचीच कारणं असतात. खरा मजकूर असतो ऑफिसर रिपोर्टमध्ये. केस ऑफिसरने जागेचं वर्णन कसं केलं, कोणती धोरणं लावली, शेजाऱ्यांच्या हरकतींना किती वजन दिलं, हे सगळं तिथे असतं. हा रिपोर्ट कौन्सिलच्या ऑनलाइन प्लॅनिंग रजिस्टरवर मिळतो. दिसला नाही तर मागून घ्या.

फाइलमध्ये हे हवं: डिसिजन नोटीस, ऑफिसर रिपोर्ट, सादर केलेले सगळे नकाशे, अर्जाची प्रत, शेजाऱ्यांच्या आणि इतर खात्यांच्या प्रतिक्रिया, आणि कौन्सिलशी झालेले सगळे ईमेल तारखेच्या क्रमाने. फोनवर बोलणं झालं असेल तर तारीख, वेळ आणि काय ठरलं हे आत्ताच लिहून ठेवा.

मग नकाशांचे क्रमांक नोटिशीवरच्या यादीशी जुळवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका. तुम्ही सुधारित नकाशा पाठवला होता, त्यावर 'रेव्ह बी' (आवृत्ती बी) होतं, आणि नोटिशीत मात्र 'रेव्ह ए' आहे, तर कौन्सिलने जुन्याच नकाशावर निर्णय दिला असण्याची शक्यता आहे. हाताळणीतल्या चुकीचा याहून स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

ऑफिसरच्या साइट व्हिजिटच्या नोंदी, फोटो किंवा अंतर्गत ईमेल हवे असतील तर 'एन्व्हायर्न्मेंटल इन्फर्मेशन रेग्युलेशन्स २००४' खाली लेखी मागणी करा. प्लॅनिंगची बहुतेक माहिती याच नियमांत बसते. उत्तरासाठी कौन्सिलला साधारण २० कामाचे दिवस मिळतात, म्हणून ही मागणी पहिल्याच आठवड्यात जायला हवी. नवव्या आठवड्यात मागितलेली माहिती अपिलाच्या कामाची राहत नाही.

## ३. नोटिशीतलं प्रत्येक कारण सोडवून बघा

लोक नोटीस एकदा वाचतात, चिडतात आणि बंद करतात. तसं न करता प्रत्येक कारणाचे चार तुकडे करा:

1. कशाला आक्षेप आहे: उंची, लांबी, रुंदी, छप्पर, खिडकी की बाहेरचं मटेरियल?
2. नुकसान कशाचं होतं असं म्हटलंय: घराच्या आणि रस्त्याच्या रूपाचं, की शेजाऱ्याच्या राहणीचं?
3. शेजाऱ्याचं असेल तर नेमकं कोणत्या घराच्या कोणत्या खिडकीचं?
4. कोणत्या धोरणाचा क्रमांक दिलाय?

आता त्या क्रमांकाचं धोरण कौन्सिलच्या लोकल प्लॅनमध्ये (त्या भागातल्या बांधकामाच्या अधिकृत धोरणांच्या आराखड्यात) उघडा आणि शब्दन् शब्द वाचा. बहुतेक कौन्सिलांचं घरांच्या एक्स्टेन्शनसाठी वेगळं डिझाइन गाइडही असतं. खरे आकडे तिथे सापडतात. कायद्याने निर्णय लोकल प्लॅनला धरून घ्यावा लागतो, वेगळं करायला ठोस प्लॅनिंगचं कारण असेल तरच अपवाद. म्हणून तुमचा वाद त्या धोरणाच्या भाषेत मांडला गेला पाहिजे.

हाउसहोल्डर नकारांत दोन-तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

४५ अंशांचा नियम. शेजाऱ्याच्या जवळच्या खिडकीपासून नकाशावर ४५ अंशांत रेघ ओढतात. तुमचं एक्स्टेन्शन ती ओलांडत असेल तर उजेड अडतो असं धरलं जातं. ही रेघ खिडकीच्या मध्यापासून काढायची की कडेपासून, हे कौन्सिलगणिक बदलतं. गाइड उघडा, तुमच्या नकाशावर रेघ स्वतः ओढा आणि ऑफिसरने ती कुठून मोजली ते बघा. खिडकी राहत्या खोलीची आहे की जिन्याची किंवा बाथरूमची, यानेही फरक पडतो. ऑफिसरने बाथरूमची खिडकी बेडरूमची समजल्याचं मी एकदा पाहिलंय.

'ओव्हरबेअरिंग'. म्हणजे शेजाऱ्याला भिंत अंगावर आल्यासारखी वाटेल. हे मापाचं कमी आणि नजरेचं जास्त असतं. इथे तुमचं उत्तर आकड्यांत द्या: सीमेपासून अंतर, छपराच्या कडेपर्यंतची उंची, दोन घरांतल्या जमिनीच्या पातळीतला फरक, मधल्या कुंपणाची उंची.

'सबसर्व्हियंट' नाही. म्हणजे वाढीव भाग मूळ घरापेक्षा दुय्यम दिसायला हवा होता, तो तसा दिसत नाही. सेमी-डिटॅच्ड घराच्या, म्हणजे जोडघराच्या, बाजूला दोन मजले चढवले की शेजारशेजारच्या दोन्ही जोड्या चिकटून 'टेरेस'सारख्या, म्हणजे घरांच्या सलग रांगेसारख्या, दिसतील, ही भीतीही याच माळेतली. छपराची रेघ थोडी खाली घेणं किंवा पुढची भिंत थोडी आत घेणं, एवढ्यावर इथे बऱ्याचदा काम भागतं.

वाचून झालं की प्रत्येक कारणासमोर एक शब्द लिहा: तथ्य किंवा मत. ऑफिसरने माप, खिडकी किंवा धोरण चुकीचं घेतलं असेल तर तथ्य. 'बोजड दिसेल' असं म्हटलं असेल तर मत. पहिल्यावर तुमची बाजू भक्कम असते. दुसऱ्यावर इन्स्पेक्टरलाही तसंच वाटू शकतं.

## ४. पुढची वाट ठरवा

| तुमची परिस्थिती | पहिली वाट |
|---|---|
| आक्षेप छोटा, डिझाइन थोडं बदलून सुटणारा | बदलून नवा अर्ज |
| डिझाइन बदलायचं नाही, निर्णय चुकीचा वाटतो | अपील |
| ८ आठवडे उलटले, निर्णय नाही | आधी लेखी विचारणा, मग निर्णय न दिल्याचं अपील |
| परवानगीशी संबंध नसलेला त्रास: हरवलेले कागद, न दिलेली उत्तरं, फीचा घोळ | तक्रार |
| शेजाऱ्याला मिळालेली परवानगी खटकते | तक्रार, क्वचित कोर्ट |

नवा अर्ज आणि जुन्या अर्जाचं अपील एकाच वेळी चालू शकतात. मुदत जवळ आली असेल तर मी दोन्ही करायला सांगतो. नवा अर्ज मंजूर झाला तर अपील मागे घेता येतं, पण उलटून गेलेली अपिलाची मुदत परत मिळत नाही.

नगरसेवकाला, म्हणजे कौन्सिलरला फोन करण्याबद्दल थोडंसं. ओळख काढून बघू, ही आपली सवय इथे फारशी चालत नाही. निर्णयाआधी कौन्सिलर अर्ज ऑफिसरऐवजी प्लॅनिंग कमिटीपुढे आणायची विनंती करू शकतात, आणि तेवढं नक्की उपयोगी आहे. नोटीस निघाल्यावर मात्र त्यांच्या हातात काही उरत नाही.

## ५. बदलून नवा अर्ज

केस ऑफिसरला ईमेल करा आणि एकच प्रश्न विचारा: कोणता बदल केला तर हे कारण सुटेल? भांडू नका, आणि फोनवरच्या उत्तरावर विसंबूही नका. लेखी मागा. बऱ्याच कौन्सिलांत यासाठी फी घेऊन लेखी सल्ला देण्याची सोय असते.

पूर्वी फेटाळलेल्या अर्जानंतर एक अर्ज फुकट करता यायचा. इंग्लंडमध्ये ही सवलत ६ डिसेंबर २०२३ पासून बंद झाली. जुन्या लेखांत ती अजून दिसते, त्यावर जाऊ नका. घर वाढवण्याच्या हाउसहोल्डर अर्जाची फी १ एप्रिल २०२५ ला २५८ वरून ५२८ पौंड झाली, आणि आता ती दर एप्रिलला महागाईनुसार बदलते. भरायच्या दिवशीची फी तपासून घ्या.

अर्जाआधी हेही बघा की परवानगी मुळात लागते का. मागच्या एकमजली एक्स्टेन्शनला 'परमिटेड डेव्हलपमेंट' खाली डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटर आणि इतर घरांना ३ मीटरपर्यंत अर्जाशिवाय मुभा आहे, उंचीच्या आणि इतर अटी सांभाळून. शेजाऱ्यांना कळवण्याची 'प्रायर अप्रूव्हल' पद्धत वापरली तर हेच ८ आणि ६ मीटरपर्यंत जाऊ शकतं. कन्झर्व्हेशन एरिया (जतनासाठी राखलेला भाग) असेल किंवा जुन्या परवानगीत ही मुभा काढून घेतली असेल तर गणित बदलतं. फ्लॅटला ही मुभा नाहीच.

> सावधान: थोडंथोडं बदलून तोच अर्ज पुन्हा पुन्हा टाकू नका. दोन वर्षांच्या आत सारखाच अर्ज अपिलात फेटाळला गेला असेल, किंवा अपील न करता एकाहून जास्त वेळा नाकारला गेला असेल, तर कौन्सिल पुढचा अर्ज हातात घ्यायलाच नकार देऊ शकते.

## ६. अपील: एकच संधी

हाउसहोल्डर अपील पूर्णपणे कागदावर चालतं. फी नाही. सुनावणी नाही. आणि तुमचं निवेदन अपिलाबरोबरच द्यावं लागतं, नंतर भर घालता येत नाही. कौन्सिल आपली फाइल आणि प्रश्नावली पाठवते, इन्स्पेक्टर जागा पाहतात आणि निर्णय देतात. 'आधी अपील टाकून ठेवू, सविस्तर नंतर पाठवू' असं म्हणणारा इथेच हरतो.

इन्स्पेक्टर अर्जाचा विचार नव्याने करतात. कौन्सिलने उशीर केला, ऑफिसर उद्धट बोलला, तीन ईमेलना उत्तर दिलं नाही, यापैकी कशानेही किचनची लांबी कमी होत नाही. मी पाहिलेल्या कच्च्या निवेदनांत अर्धी पानं या गाऱ्हाण्यांनी भरलेली असतात. ती पानं सगळी काढून तक्रारीच्या फाइलमध्ये टाका.

निवेदन कसं बांधायचं

निवेदन इंग्रजीत जाणार हे खरं, पण प्रत्येक मुद्दा आधी मराठीत एका वाक्यात लिहून बघा. एका वाक्यात बसत नसेल तर तो मुद्दा अजून तुम्हालाच स्पष्ट नाही.

1. जागा. घराचा प्रकार, रस्त्यावरची इतर घरं, जमिनीचा उतार, शेजारच्या खिडक्या. अर्धं पान.
2. प्रस्ताव. मापं आणि मटेरियल. पाच-सहा ओळी.
3. कारण क्रमांक १. नोटिशीतला मजकूर जसाच्या तसा, त्याखाली धोरणाचे शब्द, त्याखाली तुमचं उत्तर.
4. कारण क्रमांक २. तसंच.
5. तुलना. त्याच रस्त्यावर किंवा जवळपास मंजूर झालेली तशीच कामं, अर्ज क्रमांकासह.
6. पर्यायी बांधकाम. अर्जाशिवाय जे बांधता आलं असतं ते जवळजवळ एवढंच असेल, तर दोन्हींची नकाशावर तुलना.

तिसऱ्या आणि चौथ्या भागावर वेळ घालवा. फरक बघा.

*कच्चं:* "शेजाऱ्यांना काही त्रास होणार नाही, ते उगाच विरोध करतात, आणि आमच्या कुटुंबाला जागेची फार गरज आहे."

*पक्कं:* "ऑफिसर रिपोर्ट म्हणतो की शेजारच्या मागच्या खिडकीचा उजेड अडेल. ती खिडकी युटिलिटी रूमची आहे (फोटो ३). राहत्या खोलीची सर्वांत जवळची खिडकी सीमेपासून ३.२ मीटरवर आहे. गाइडप्रमाणे तिच्या मध्यापासून काढलेली ४५ अंशांची रेघ प्रस्तावित भिंतीला स्पर्श करत नाही (नकाशा ०४)."

तुलनेच्या मुद्द्यात लोक फसतात. 'नंबर २२ ला दिली, मग आम्हाला का नाही?' एवढ्याने काम होत नाही. त्या घराची परवानगी कधीची आहे, तेव्हा हेच धोरण होतं का, माप तेवढंच आहे का, हे दाखवावं लागतं. जुन्या धोरणाखाली मंजूर झालेलं उदाहरण उलट तुमच्याच विरोधात वापरलं जाऊ शकतं: हेच टाळायला धोरण बदललं, असं कौन्सिल म्हणेल.

काय टाळायचं: घराची किंमत, शेजाऱ्याचा स्वभाव, 'आम्ही इतकी वर्षं कौन्सिल टॅक्स भरतो' असली वाक्यं. कुटुंबातल्या कुणाच्या आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जागा लागत असेल तर ते मांडता येतं, पण पुराव्यासह आणि थोडक्यात. वैयक्तिक गरजेला वजन मिळालं तरी ते बहुधा मर्यादित असतं, कारण घर विकलं गेल्यावरही बांधकाम तिथेच राहतं.

नकाशे बदलू नका. अपिलात नवं डिझाइन आणायची परवानगी जवळजवळ मिळत नाही. डिझाइन बदलायची इच्छा झाली तर तुमची वाट पाचव्या टप्प्याची आहे.

शेजाऱ्यांचा पाठिंबा. या अपिलात शेजाऱ्यांना नव्याने मत मांडता येत नाही. अर्जाच्या वेळी जे आलं तेच इन्स्पेक्टरपुढे जातं. म्हणून पाठिंब्याची पत्रं अर्जाच्या वेळीच गोळा करायची असतात.

साइट व्हिजिट. इन्स्पेक्टर किंवा त्यांच्या वतीने कुणी आलं तर गेट उघडा, मागची बाग दाखवा आणि थांबा. तिथे बाजू मांडायची नसते. चहा विचारायला हरकत नाही, ते बहुतेक नको म्हणतील.

> तपासा, पाठवण्याआधी: नोटिशीतल्या प्रत्येक कारणाला उत्तर आहे का? एकही सुटलं तर तेवढ्यावरूनही अपील फेटाळलं जाऊ शकतं. मालकीचं प्रमाणपत्र बरोबर आहे का? पाया किंवा गटर शेजाऱ्याच्या हद्दीत थोडं जरी जात असेल तर 'सर्टिफिकेट ए' (सगळी जागा अर्जदाराचीच) चालत नाही, 'बी' लागतं आणि शेजाऱ्याला रीतसर नोटीस दिलेली असावी लागते.

खर्च मिळतो का? हरलेल्या बाजूने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा, असा नियम इथे नाही. कौन्सिल अवाजवी वागली आणि त्यामुळे तुमचा खर्च वाया गेला, असं दाखवता आलं तरच. कारणाला आधारच दिला नाही किंवा तशाच प्रकरणांत विसंगत निर्णय दिले, असे मुद्दे इथे बसतात. मागणी अपिलाबरोबरच करा. उलटंही होऊ शकतं, म्हणून पोकळ अपील टाकू नका.

बहुतेक अपिलं फेटाळली जातात, हे डोक्यात ठेवूनच निर्णय घ्या.

## ७. निर्णयच येत नसेल तर

आठ आठवड्यांची मोजणी अर्ज पाठवल्यापासून होत नाही, तो 'व्हॅलिड' ठरल्यापासून होते. एखादा नकाशा कमी आहे म्हणून अर्ज आठवडेच्या आठवडे 'इनव्हॅलिड' पडून राहतो आणि अर्जदाराला वाटतं घड्याळ चालू आहे. व्हॅलिडेशनचं पत्र शोधा, तारीख बघा.

सातव्या आठवड्यात केस ऑफिसरचा ईमेल येतो: 'मुदतवाढ द्याल का?' लगेच हो म्हणू नका. नकाशात बदल करून परवानगी मिळण्याची खरी शक्यता असेल तर द्या, पण ठराविक तारखेपर्यंत. नुसती फाइल उघडायला वेळ मिळाला नाही म्हणून मागत असतील, तर कारण लेखी विचारा. मुदतवाढ दिली की फी परतीचा हक्कही जातो. छोट्या अर्जांवर १६ आठवड्यांत निर्णय झाला नाही आणि मुदतवाढ मान्य केलेली नसेल, तर फी परत मागता येते. परतावा आपणहून येईल असं धरून चालू नका. तारखा देऊन मागा.

निर्णय न दिल्याचं अपील हाउसहोल्डरच्या झटपट पद्धतीने चालत नाही, नेहमीच्या लेखी अपिलासारखं चालतं आणि जास्त वेळ घेतं. ते दाखल झालं की निर्णय इन्स्पेक्टरच्या हातात जातो. म्हणून आधी ऑफिसरच्या मॅनेजरला एक छोटा ईमेल करा: अर्ज क्रमांक, मुदत संपल्याची तारीख, आणि १० दिवसांत निर्णयाची तारीख कळवा. माझ्या अनुभवात अर्ध्या फाइली याने हलतात.

## ८. हाताळणीची तक्रार

अपील मार्गी लागलं की गाऱ्हाण्यांची फाइल उघडा. तक्रार एका पानाची हवी.

* काय व्हायला हवं होतं (कौन्सिलचा नियम किंवा दिलेलं आश्वासन)
* काय झालं (तारखेसह)
* त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं (पैसे, वेळ, हुकलेली संधी)
* तुम्हाला काय हवंय (माफी, वाया गेलेला खर्च, पद्धतीत सुधारणा)

शेवटचे दोन मुद्दे लोक लिहितच नाहीत. सुधारित नकाशे न बघता निर्णय दिला, रिपोर्टमध्ये घराचं वर्णनच चुकीचं आहे, मिळालेलं पत्र रजिस्टरवर चढवलं नाही, हे हाताळणीतले दोष. 'ऑफिसरला माझं डिझाइन कळलं नाही' हा दोष नव्हे, ते मत झालं.

कौन्सिलच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण झाल्यावर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. ते निर्णय बदलू शकत नाहीत. दोष होता का आणि त्यातून अन्याय झाला का, एवढंच बघतात. ज्याला अपिलाचा हक्क होता त्याचं तेच प्रकरण ते सहसा घेत नाहीत. म्हणून 'अपील चुकलं, आता ओम्बड्समनकडे जाऊ' हा बेत बहुतेक वेळा पहिल्याच पत्रात संपतो.

## ९. तुम्ही शेजारी असाल तर

परवानगी मिळालेल्या एक्स्टेन्शनविरुद्ध शेजाऱ्याला अपील करता येत नाही. जे बोलायचं ते अर्ज चालू असताना, कळवण्याच्या २१ दिवसांच्या मुदतीत. उजेड, खाजगीपणा, बोजडपणा यांवर बोला. नजारा जाईल, घराची किंमत घसरेल, बांधकामाचा आवाज होईल, हे मुद्दे मोजले जात नाहीत. तुमच्या हरकतीची रिपोर्टमध्ये दखलच घेतली नाही किंवा तुम्हाला कळवलंच नाही, तर आठव्या टप्प्याची तक्रार तुमचीही आहे, आणि तुम्हाला अपिलाचा हक्क नसल्याने ओम्बड्समनचं दार इथे जास्त उघडं असतं.

शेवटचा उपाय हायकोर्टातला ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का याची कोर्टाकडून तपासणी. मुदत ६ आठवडे, खर्च मोठा, आणि जिंकलात तरी निर्णय रद्द होऊन फाइल परत कौन्सिलकडेच जाते. ती नीट कारणं देऊन तीच परवानगी पुन्हा देऊ शकते. पहिल्या आठवड्यात वकील गाठता आला नाही तर हा विचार सोडा.

## १०. अपिलाचा निकाल आल्यावर

फेटाळलं गेलं तर निकालाचा शेवट न बघता मधले परिच्छेद वाचा. इन्स्पेक्टर कौन्सिलच्या दोनपैकी एकच कारण मान्य करतात, असं बऱ्याचदा होतं. दुसरं कारण तुमच्या बाजूने निकालात लागलेलं असतं आणि पुढच्या अर्जात ते कौन्सिलला सहज पुन्हा उकरता येत नाही. उरलेल्या एका कारणापुरतं डिझाइन बदला. निकालात कायद्याची चूक असेल तरच ६ आठवड्यांत हायकोर्ट. निकाल आवडला नाही, हे कारण तिथे चालत नाही.

मंजूर झालं तर अटी वाचा. काम सुरू करायला सहसा तीन वर्षं असतात. काही अटी मात्र काम सुरू करण्याआधीच पूर्ण करायच्या असतात, त्यांच्यावर खूण करा. प्लॅनिंगची परवानगी म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्सची (बांधकामाच्या दर्जाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांची) मंजुरी नव्हे, ती वेगळी घ्यायची. सामाईक भिंतीला हात लागणार असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते, हद्दीजवळच्या पायाच्या खोदकामाला एक महिना. बिल्डरची तारीख या नोटिशीचे दिवस मोजूनच ठरवा.